कुरीच्या तोंडची माती

मित्रांनो, मी एक जुनी कुरी आहे. तुमच्या पुस्तकांत मला पाभर म्हणतात, कुठे तिफण म्हणतात. आमच्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी, कुरी म्हणतात. मी पेरणीचं अवजार. बैलांच्या मागे चालते, माझे चार फण जमीन उघडत जातात आणि वरच्या चाड्यात, म्हणजे लाकडाच्या वाडग्यात, सोडलेलं बी चार पोकळ नळ्यांतून खाली मातीत पडतं. थोडक्यात काय, माझं तोंड कायम मातीत असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी हकिगत तोंडाच्या चवीची आहे. आणि ती चव, खरं सांगायचं तर, ओकारी आणणारी होती.

जुनी अवजारं आपली कथा सांगताना फार गोड बोलतात असं ऐकलं आहे. मला ते जमणार नाही. मी बाभळीची आहे.

ती बाभूळ ओढ्याकडेच्या दोन एकरांच्या पट्टीच्या बांधावर उभी होती. एका वळवात ती आडवी झाली, तेव्हा माझ्या आताच्या मालकांच्या, अजितकुमार आण्णांच्या, वडिलांनी गावच्या सुताराला बोलावलं. सुताराने आठ दिवस खपून मला घडवलं. चाडं त्याने एकाच ओंडक्यातून कोरलं, आतून इतकं गुळगुळीत केलं की शाळूचा एक दाणाही कडेला अडकायचा नाही. पहिल्या पेरणीच्या दिवशी माझ्या चाड्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मी मनातून चांगलीच मिरवून घेतलं.

त्या पट्टीत माझं तोंड पहिल्यांदा गेलं तेव्हाची चव मला अजून आठवते. गार आणि ताज्या ताकासारखी किंचित आंबूस. फण जरा खोल गेला की गांडुळं बाजूला सरकायची. आण्णांचे म्हातारे वडील दोन पिकं काढली की तिसऱ्या खेपेला माझ्याकडून ताग पेरून घ्यायचे. तो खायला नाही, विकायला नाही. कमरेएवढा झाला आणि फुलावर यायला लागला की नांगर घालून तिथेच मातीत गाडून टाकायचे. लोक हसायचे, की हा माणूस आपलंच पीक पुरतो. म्हातारे म्हणायचे, रानाने आपल्याला जेवू घातलं, आता रानाला जेवू दे. मला त्या वेळी यात काही विशेष वाटलं नाही. चांगल्या चवीची सवय झाली की तिची किंमत राहत नाही.

मग म्हातारे गेले, नदीचं पाणी नळातून शिवारात आलं आणि ऊस आला. उसावर ऊस, त्यावर पुन्हा ऊस. माझं काम संपलं. मला पट्टीच्या बांधावरच्या शेडात दोन खुंट्यांवर टांगलं. शेडाला तीन भिंती आहेत, चौथी बाजू उघडी, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

मोटर चालू करून माणसं घरी जायची आणि पाणी रात्रंदिवस रानात साचून राहायचं. ऊस तोडून नेला की मागे राहिलेलं पाचट पेटवून द्यायचे, कारण ते आवरायचा कंटाळा. तो धूर माझ्या नळ्यांत शिरायचा आणि महिना महिना तिथेच बसायचा. पोत्यावर पोती खत पडायचं. हळूहळू जमीन चिबड झाली. पावसाळ्यात पाणी हटेना, आणि उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटून यायला लागलं. टायरांना चिकटून ती माती शेडात यायची. तिचा वास काय सांगू? बंद डब्यात राहिलेल्या ओल्या फडक्याचा वास. मला तिडीक यायची. माझ्या अंगावर गळका फवारणीचा पंप लटकवलेला, त्यावर कुणाचे तरी घामट सदरे. आणि एके दिवशी ट्रॅक्टरवाल्याने शेडाच्या सावलीत उभं राहून गुटख्याची पिंक टाकली ती थेट माझ्या चाड्यात. ज्या चाड्याला कुंकू लागायचं त्यात. त्यानंतर मी माणसांबद्दल चांगलं काही म्हणायचं सोडून दिलं.

आता आण्णांच्या घराची ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. अजितकुमार आण्णा धार्मिक माणूस. पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, रोज सकाळी अभिषेकाला देवळात जातात. मुंगीवरसुद्धा पाय पडू देत नाहीत. त्यांच्या पत्नी गुणमालाबाई त्यांच्याहून कडक. मुलगा भरतेश कराडला एका कारखान्यात नोकरीला, रविवारी येणार. आणि शेतात राबणारी कोण, तर सून दीपाली. ती कुंडलची. सासऱ्यांना मामा म्हणते, सासूला आत्ती. कमी बोलते, पण ढेकूळ हातात घेऊन फोडून बघायची तिला खोड आहे. मला ती तेवढ्यासाठी आवडली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जयराज नावाचा वीटभट्टीवाला पट्टीत आला. त्याने मूठभर माती घेतली, बाटलीतलं पाणी शिंपडून तिचा गोळा वळला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला की वीट झकास बसेल. माझ्या बाभळीच्या पायाखालची ती माती, आणि तिचं कौतुक काय, तर भाजल्यावर कडक होते! दोन फूट माती मशीनने उचलायची असं ठरत होतं. दीपाली शेडात उभी होती. माहेरच्या वाटेवर तिने असं एक रान पाहिलं होतं. माती उचलल्यावर तिथे खड्डा राहिला, खड्ड्यात हिरवं पाणी, पाण्यात प्लॅस्टिक आणि मेलेलं कुत्रं. तिथे पुन्हा कुणी काही पेरलं नाही.

जयराज गेल्यावर तिने सासऱ्यांना विचारलं, की मामा, तुम्ही मुंगी चुकवून चालता आणि आख्खं रान भट्टीला देता, ते कसं चालतं. आण्णांकडे उत्तर तयार होतं.

"ही मेल्याली माती हाय, पोरी," ते म्हणाले. "एक गांडूळ दाव मला हिच्यात. जीवच न्हाई, तर हिंसा कसली?"

मित्रांनो, मला मिठाची शिसारी होती, धुराची होती, पिंकेची होती. पण या वाक्याची सगळ्यात जास्त आली. मातीला आपणच मारायचं, आणि ती मेली म्हणून विकायला मोकळे! माणूस वाईट नव्हता हो. म्हणूनच जास्त किळस आली.

दीपाली वाद घालत बसली नाही. तिने बूड काढलेला तेलाचा पत्र्याचा डबा आणला, पट्टीच्या मधोमध हातोडीने चार बोटं आत ठोकला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. आण्णांना म्हणाली, देवळात जाऊन या. आण्णा अभिषेक करून तासाभराने परतले तर पाणी जसंच्या तसं, वर दोन माश्या तरंगत होत्या.

"एक पावसाळा द्या मला," ती म्हणाली. "दिवाळी झाली की ह्योच डबा, हितंच रोवू. तुमी देवळातनं यीस्तोवर पाणी मुरलं तर पट्टी ऱ्हाईल. न्हाई मुरलं, तर मी तोंड उघडणार न्हाई."

आण्णांनी मान्य केलं. त्यांनी जयराजला निरोप दिला, मशीन दिवाळीनंतर आण.

दीपालीने इस्लामपूरहून धैंच्याचं बी आणलं. धैंचा हा तागाचाच भाईबंद, पण खाऱ्या आणि पाणथळ जमिनीत तग धरणारा. नाव ऐकून मी नाक मुरडलं. माझ्या काळी ताग होता, आणि ताग पुरेसा होता. पण माझ्या काळी मीठ नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं. जुलैच्या मध्यावर ट्रॅक्टर पेरायला आला आणि बांधापासून दहा पावलांवर चाकांच्या आसापर्यंत रुतला. तो काढायला अर्धा दिवस गेला. तेव्हा दीपालीने वर पाहिलं आणि तिला मी दिसले.

गावात बैलजोडी उरली होती ती एकट्या धुळाची. धुळा धनगर म्हातारा, आता बैल फक्त मिरवणुकीला देतो. त्याने मला खाली उतरवलं, ठोकून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, लाकूड न्हवं, लोखंड हाय ह्ये." मित्रांनो, तीस वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. दीपालीने माझं चाडं काथ्या आणि सोडा घेऊन घासलं. गुटख्याचा डाग निघेपर्यंत घासलं. मी गप्प राहिले, नाहीतर तिच्याबद्दल काहीतरी गोड बोलून गेले असते.

मग माझं तोंड मातीत गेलं. काय सांगू तुम्हाला! कडू, खारट, राखेची भुकटी, मध्येच प्लॅस्टिकची पिशवी दातांत अडकलेली. खाली वीतभर गेलं की थेट दगडासारखा कडक थर. तीन फण बाहेर फेकले जात होते. थुंकता आलं असतं तर थुंकले असते. दीपाली माझ्या शेजारून चालत चाड्यात मूठ सोडत होती. पहिल्या ओळीला तिची मूठ अडखळली, एका नळ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी बी गेलं. पाचव्या ओळीपासून हात बसला. संध्याकाळी दोन एकर पेरून झालं तेव्हा माझ्या फणांवर पांढरा थर जमला होता, आणि तिने तोही पुसला.

धैंचा उगवला. आधी तुरळक, मग पाऊस झाला तसा दाट. ऑगस्टमध्ये तो गुडघ्याला लागला, मग कमरेला. मीठ फुटायची ती जागा पहिल्यांदाच झाकली गेली. मला बरं वाटत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. दीपालीने पंचांगावर खूण करून ठेवली होती. पेरल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवशी गाडायचा. तेव्हा काड्या कोवळ्या असतात, मातीत पटकन कुजतात. उशीर झाला की काडी लाकूड होते, हे तिला पाठ होतं.

तिने दिवस बरोबर मोजले, पण एक गोष्ट मोजायची राहिली. पंचेचाळिसावा दिवस आणि दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस एकच निघाला. या दहा दिवसांत जैनांच्या घरी व्रत असतं. कुणी उपास करतं, कुणी एकदाच जेवतं, आणि आण्णांच्या घरी तर भाजीचं हिरवं पानसुद्धा तोडत नाहीत. धैंचा गाडायला रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती घुसळणारं यंत्र, ठरवलेला होता. दीपाली सकाळी शेडात येऊन बसली आणि पाठोपाठ गुणमालाबाई आल्या.

"धा दिस आपुन पान तोडत न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् दोन एकर हिरवं जित्तं गाडायचं? थांब बाई. एवढ्यानं काय बिघडतंय?"

सासूने अडवलं असं मी म्हणणार नाही. दीपाली त्याच संस्कारात वाढलेली. तिच्याच हातून ते झालं नसतं. तिने रोटरवाल्याला फोन करून थांबवलं आणि पट्टीकडे पाठ करून घरी गेली. मी मात्र जळफळत होते. धैंच्याचे दिवस मोजायचं सगळं शहाणपण, आणि पंचांगात पुढचं पान उलटून बघायचं सुचलं नाही! दहा दिवसांत धैंचा डोक्याच्या वर गेला, पिवळी फुलं आली. गुणमालाबाई फुलं बघून खूश. इकडे काड्या बोटाएवढ्या जाड होत होत्या.

पर्व संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला दुखवलं असेल त्याची, सगळ्या जिवांची क्षमा मागायची. पूर्वी लोक एकमेकांच्या दारी जायचे. आता मोबाईलवर फुलांचं चित्र येतं, तेच पुढे पाठवून मोकळे होतात. आण्णांनी शेडात बसून सगळ्यांना तसं चित्र पाठवलं. जयराजलाही पाठवलं, आणि लगेच त्याचा फोन आला, मशीन कुठल्या वाटेने आणायचं हे विचारायला. क्षमा आणि मशीन एकाच फोनवर! मी खुंटीवरून पडले नाही एवढंच.

त्यानंतर चार दिवस पाऊस. मग एकदाचा रोटर आला, आणि चालवायला तोच पिंक टाकणारा. दोन ओळी गेल्या असतील, धैंच्याच्या सालींचा दोर होऊन रोटरच्या पात्यांना असा गुंडाळला की यंत्र जाम झालं. तो शिव्या देत उतरला, सोडवत बसला, पुन्हा चालवलं, पुन्हा जाम. शेवटी थुंकून निघून गेला. साठ दिवसांचा धैंचा दोन एकरांत तसाच उभा, आणि दिवाळीला जेमतेम सहा आठवडे.

दीपाली रडली. पहिल्यांदाच. शेडाच्या कोपऱ्यात, माझ्याकडे तोंड करून. म्हणाली, चूक माझीच. मग तोंड धुतलं आणि सुलाबाईला आणि मंगलला बोलवायला गेली. या दोघी ऊस तोडणाऱ्या. तिघींनी विळे घेऊन धैंचा कापायला, त्याचे वीतभर तुकडे करायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी गुणमालाबाई आल्या. आल्या त्या बांधावर उभ्या राहिल्या, हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला, ओठातल्या ओठात क्षमा मागितली आणि विळा मागून घेतला. मी जन्मभर पाहिलेल्या क्षमावाणींतली मला पटलेली ती एकच. नऊ दिवसांत चौघींनी पट्टी आडवी केली, आणि धुळाच्या बैलांनी नांगर घालून जमेल तेवढं मातीत घातलं.

दिवाळीपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कुजायला लागलं तसा वास सुटला. माश्या, काळं पाणी, अर्धवट काड्या वर आलेल्या, वर पावसाची झड. येणारा जाणारा नाकाला पदर लावायचा. जयराज येऊन हसून गेला. मलासुद्धा मळमळत होतं. पण खूप दिवसांनी ती मळमळ सडण्याची होती, औषधाची नव्हती. फरक असतो. तो नाकाला कळतो.

दिवाळी झाली. ठरल्या दिवशी सकाळी रस्त्यावर जयराजचं पिवळं मशीन येऊन उभं राहिलं. भरतेश कराडहून आला होता. त्याने तोच डबा त्याच जागी ठोकला, दीपालीने बादलीभर पाणी ओतलं, आण्णा देवळात गेले. दीपाली डब्याकडे बघेना. शेडात माझ्या दांड्याला टेकून, पाठ फिरवून बसली.

आण्णा परत आले. डब्यातलं पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं. पण सगळं मुरलं नव्हतं. चांगलं चार बोटं पाणी तळाला उभं होतं. भरतेश म्हणाला, एवढं उतरलं हे काय कमी आहे. पण दीपालीने शब्द दिला होता. तिने तोंड उघडलं नाही. उठली, डब्याजवळ जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी तो उपटायला लागली.

डबा सुटा निघाला नाही. त्याच्याबरोबर एक भलं मोठं ढेकूळ आलं. ते तिच्या खोडीप्रमाणे तिने फोडलं. आत धैंच्याच्या मुळाची काळी पोकळ वाट होती, आणि त्या वाटेतून पाण्याने बेजार होऊन तीन गांडुळं बाहेर येत होती. सुतळीएवढी.

आण्णा उकिडवे बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग दहा पावलं पुढे जाऊन दुसरीकडे माती उकरली, मग आणखी पुढे. प्रत्येक वेळी बराच वेळ खाली बघत राहिले. जयराज कंटाळला. म्हणाला, "आण्णा, गांडुळं काय हो, कुठंबी असत्यात."

"हितं नव्हती," आण्णा म्हणाले. ते अजून मातीकडेच बघत होते. "पेरताना मरत्यात, त्येंची आमी वर्साला क्षमा मागतो. भट्टीत भाजल्याल्यांची कुणाला आन् कशी मागायची? न्ह्या तुमचं मशीन."

जयराजने बरंच सांगून बघितलं. शेवटी मशीन आवाज करत मागे वळलं. आण्णांनी ती तीन गांडुळं उचलून सावलीत ठेवली, वर ओल्या काड्या झाकल्या आणि हात जोडून थोडा वेळ तसेच बसले. ते चित्र त्यांनी कुणाला पाठवलं नाही. मग उठताना सुनेकडे न बघता म्हणाले, "फुडच्या सालाला पर्वाची तारीख बघून पेर." दीपाली हो म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही.

आठवड्याने त्या पट्टीत माझ्याकडून हरभरा पेरून घेतला. तुम्हाला वाटत असेल की आता मी सांगेन, माती पुन्हा पहिल्यासारखी झाली. नाही झाली. तीस वर्षांची घाण एका पावसाळ्यात जात नसते. तोंडात अजून मीठ आलं, एका जागी राखही आली. पण चौथ्या ओळीला, फण जरा खोल गेला तेव्हा, मिठाच्या मागून ताकाचा आंबूसपणा जिभेला लागला. एवढासाच. मी ती चव तोंडात धरून ठेवली आणि दिवसभर कुणावर चिडले नाही.

मित्रांनो, हात जोडून विनवणी करायला मला हात नाहीत, फण आहेत. म्हणून सरळ सांगते. रान उघडं टाकू नका, पाचट जाळू नका, मोटर चालू ठेवून घरी झोपायला जाऊ नका. दोन पिकं घेतलीत की तिसरं मातीला द्या, आणि ते कोवळं असतानाच द्या. मातीला जे खायला घालता तेच फिरून तुमच्या ताटात येतं. मला फक्त ते तुमच्या आधी चाखावं लागतं. आणि शेडाच्या सावलीत उभे राहाल तेव्हा, भिंतीवर एक कुरी टांगलेली आहे आणि तिचं चाडं नुकतंच घासलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.